मानवाची प्राचीनता : विवाद्य दावे व पर्यायी सिद्धांत

मानवजातीचे वय पुरातत्त्वविद्या व मानवशास्त्र यांनी निश्चित केलेल्या कालमर्यादेपेक्षा फार अधिक, कित्येकदा कोट्यवधी वर्षांचे आहे, असे प्रतिपादन करणाऱ्या दाव्यांचा व सिद्धांतांचा समूह. या दाव्यांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात : (१) अधिकारी संशोधकांनी प्रामाणिकपणे मांडलेली, परंतु पुढील संशोधनात न टिकलेली मते, (२) बनावट अवशेषांवर आधारलेली मते आणि (३) एखाद्या पूर्वनिश्चित धार्मिक वा काल्पनिक मताच्या समर्थनार्थ जुन्या नोंदींतून वेचून काढलेल्या पुराव्यांवर उभारलेले सिद्धांत. यांतील तिसऱ्या वर्गास सामान्यतः छद्मपुरातत्त्व म्हणतात. हे वर्ग परस्परांपासून वेगळे ओळखणे आवश्यक असते. कारण पहिल्या वर्गातील वादांतूनच पुरातत्त्वविद्येच्या पुष्कळशा कसोट्या सिद्ध झाल्या आहेत.

उपलब्ध पुराव्यांनुसार मानवकुलाची शाखा कपींपासून सु. ७० लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास अलग झाली. टांझानियातील लाएटोली येथील, दोन पायांवर चालणाऱ्या प्राण्यांचे ठसे सु. ३६ लाख वर्षांपूर्वीचे आहेत. होमो या प्रजातीचे सर्वांत जुने अवशेष सु. २८ लाख वर्षांपूर्वीचे असून आधुनिक मानवजातीचे (होमो सेपिएन्स) आद्य अवशेष सु. ३ लाख वर्षांपूर्वीचे आहेत. पर्यायी सिद्धांतांचा वाद मुख्यत्वे या शेवटच्या आकड्याशी आहे. आजच्यासारखा मानव मायोसीन, इओसीन किंवा त्याहूनही प्राचीन काळी अस्तित्वात होता, असे त्यांचे म्हणणे आहे.

पार्श्वभूमी : आयर्लंडमधील आर्चबिशप जेम्स अशर याने बायबलमधील वंशावळींच्या आधारे विश्वाची उत्पत्ती इ. स. पू. ४००४ मध्ये झाली, असे गणित १६५० मध्ये प्रसिद्ध केले. ही कालमर्यादा यूरोपात दीर्घकाळ गृहीत धरली जात असे. १७९७ मध्ये जॉन फ्रीअर याने इंग्लंडमधील हॉक्सन येथे विटांच्या मातीच्या खाणीत सु. ४ मी. खोलीवर मिळालेल्या दगडी आयुधांची माहिती लंडनच्या ‘सोसायटी ऑफ अँटिक्वेरीज’ला कळविली व ती अतिप्राचीन काळची असावीत, असे सुचविले, तथापि तिच्याकडे सु. साठ वर्षे कोणी लक्ष दिले नाही. फ्रान्समधील आबव्हील येथील जकात अधिकारी झाक बूशे द पेर्त याने सॉम नदीच्या खोऱ्यात नामशेष प्राण्यांच्या अस्थींबरोबर दगडी हत्यारे मिळत असल्याचे प्रतिपादन केले, तेव्हा त्याचीही प्रथम उपेक्षाच झाली. १८५९ मध्ये भूवैज्ञानिक जोझेफ प्रेस्टविच व पुरातत्त्वज्ञ जॉन एव्हान्झ यांनी सॉम खोऱ्यास भेट देऊन अस्पर्शित थरात रुतलेली हातकुऱ्हाड प्रत्यक्ष जागेवर पाहिली. त्याच वर्षी त्यांनी आपले निष्कर्ष लंडनमध्ये मांडले आणि चार वर्षांत चार्ल्स लायेलसारख्या अग्रगण्य भूवैज्ञानिकाने मानवाच्या प्राचीनतेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

या घटनेस दुहेरी महत्त्व आहे. शास्त्रज्ञ रूढ कालगणनेस बाध आणणारा पुरावा स्वीकारीत नाहीत, हा आक्षेप पर्यायी सिद्धांतांचे पुरस्कर्ते नेहमी घेतात. परंतु १८५९ मध्ये नेमके याच्या उलट घडले. रूढ कालगणना मोडली गेली, ती पुराव्याच्या बळावर. दुसरे असे, की पुराव्याने कोणत्या अटी पूर्ण करावयास हव्यात, हेही त्याच वेळी ठरले : वस्तू निर्विवादपणे मानवनिर्मित असली पाहिजे, ती ज्या थरात मिळाली तो थर मागाहून ढवळला गेलेला नसावा, थराचे वय स्वतंत्रपणे ठरविता आले पाहिजे आणि वस्तू जागेवर असतानाच इतर तज्ज्ञांना ती पाहता आली पाहिजे. पुढील सर्व वाद याच अटींभोवती फिरतात. [⟶ अश्मयुग].

तृतीयक मानवाचा वाद : प्लाइस्टोसीन काळात मानव होता, हे मान्य झाल्यावर त्यापूर्वीच्या तृतीय कल्पातही तो असला पाहिजे, अशी अपेक्षा स्वाभाविकपणे निर्माण झाली. १८६७ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या परिषदेत लुई बूर्झ्वा या धर्मगुरूने फ्रान्समधील तने येथे मायोसीन मानल्या गेलेल्या थरांतून काढलेले फ्लिंटचे तुकडे मांडून ते मानवनिर्मित असल्याचे सांगितले. पोर्तुगालमध्ये कार्लुश रिबैरू या भूवैज्ञानिकाने टेगस नदीच्या खोऱ्यातून असेच तुकडे गोळा केले व त्यांवर १८८० च्या लिस्बन परिषदेत चर्चा झाली. ब्रह्मदेशातील येनान्जाऊंग येथील, मायोसीन मानलेल्या थरात छिलके काढलेले फ्लिंट मिळाल्याचे ‘भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण’ या संस्थेतील फ्रिट्झ नोएटलिंग याने १८९४ मध्ये प्रसिद्ध केले. हे तुकडे मुळातच त्या थरातील होते, की पृष्ठभागावरून तेथे आले होते, याविषयी लवकरच शंका उपस्थित झाली.

या वादाचे सर्वांत व्यापक रूप इंग्लंडमध्ये दिसले. केंट परगण्यातील इटम या गावचा किराणा दुकानदार बेंजामिन हॅरिसन याने पठारावरील खडीतून ओबडधोबड, कडा तुटलेले फ्लिंट जमविले व प्रेस्टविच याने त्यांस पाठिंबा दिला. या तुकड्यांना ‘इओलिथ’ म्हणजे उषःकालीन पाषाण अशी संज्ञा मिळाली. पुढे जे. रीड मॉयर याने पूर्व इंग्लंडमधील इप्सविच परिसरातून प्लायोसीन काळातील मानवाचा पुरावा म्हणून असेच तुकडे मांडले.

हे मत केवळ रूढीच्या बळावर फेटाळले गेले नाही, तर त्याची प्रायोगिक परीक्षा झाली. फ्रेंच पुराजीववैज्ञानिक मार्सलां बूल याने १९०५ मध्ये फ्रान्समधील मांत गावाजवळच्या सिमेंट कारखान्यात पाण्याच्या कुंडात खडू व फ्लिंट यांचे मिश्रण घुसळणारी यंत्रे पाहिली. त्या कुंडातून निघणाऱ्या फ्लिंटमध्ये इओलिथांचे सर्व प्रकार हुबेहूब आढळले. इंग्लंडमध्ये हॅझलडीन वॉरन याने थरांच्या दाबाखाली फ्लिंटच्या कडा कशा तुटतात, याचे प्रयोग केले. १९३९ मध्ये ए. एस. बार्न्झ याने छिलक्यांच्या कोनांची मोजमापे घेऊन एक संख्यात्मक कसोटी दिली : मानवाने घडविलेल्या संचात काटकोन वा त्याहून मोठे कोन एकचतुर्थांशापेक्षा अधिक नसतात, कारण कारागीर धार येण्यासाठी तीव्र कोन राखतो, निसर्गात दगड कसेही फुटत असल्याने तेथे हे प्रमाण पुष्कळ अधिक असते. इओलिथ या कसोटीस उतरले नाहीत. नैसर्गिकरीत्या फुटलेले दगड व घडविलेली हत्यारे यांतील भेद पारखण्याची जी दृष्टी पुरातत्त्वज्ञांना लाभली, ती याच वादाचे फलित होय. कॅलिफोर्नियातील कॅलिको येथे लुई लीकी याच्या प्रेरणेने १९६४ पासून झालेल्या उत्खननातील तथाकथित अतिप्राचीन हत्यारांनाही पुढे हीच कसोटी लावण्यात आली व बहुसंख्य तज्ज्ञांनी ती नैसर्गिक ठरविली.

बनावट अवशेष : आबव्हीलजवळील मूलें-किन्यों येथे १८६३ मध्ये मिळालेला मानवी जबडा कामगारांनी बक्षिसाच्या आशेने थरात पुरला होता, असे दिसून आले. कॅलिफोर्नियातील कॅलाव्हेरस परगण्यात १८६६ मध्ये सोन्याच्या खाणीतून, लाव्हाच्या थरांखालून सु. ४० मी. खोलीवरून काढलेली म्हणून एक मानवी कवटी राज्याचा भूवैज्ञानिक जोसाया व्हिटनी याच्याकडे आली. त्याने ती प्लायोसीन मानवाची असल्याचे जाहीर केले. मात्र ती थरात असताना कोणाही भूवैज्ञानिकाने पाहिली नव्हती. खाणकामगारांनी केलेली ही थट्टा असल्याचे बोलले जाऊ लागले. विल्यम होम्झ याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रकरणाची छाननी करून ती अलीकडच्या काळातील असल्याचा निष्कर्ष काढला. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कार्बन-१४ मापनानुसार या कवटीचे वय सु. एक हजार वर्षांहून अधिक नाही.

शास्त्रीय जगतास सर्वाधिक लाजिरवाणे ठरलेले प्रकरण म्हणजे इंग्लंडमधील पिल्टडाउन मानव. चार्ल्स डॉसन व आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी १९१२ मध्ये मांडलेल्या या अवशेषांत मोठ्या मेंदूची कवटी व कपीसारखा जबडा यांचा संयोग होता. मानवाच्या विकासात मेंदू आधी वाढला असावा, या तत्कालीन अपेक्षेशी तो जुळत असल्यामुळे त्याची कठोर परीक्षा झाली नाही. परिणामी १९२५ मध्ये रेमंड डार्ट याने दक्षिण आफ्रिकेतील ताउंग येथील लहान मेंदूच्या ऑस्ट्रॅलोपिथेकसचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा या अस्सल पूर्वजास पुष्कळ काळ मान्यता मिळू शकली नाही. केनेथ ओकली याच्या फ्ल्युओरीन परीक्षेनंतर १९५३ मध्ये ओकली, जे. एस. वाइनर व विल्फ्रिड ल ग्रो क्लार्क यांनी जबडा ओरँगउटानचा असून त्याचे दात कानशीने घासलेले व अस्थी रासायनिक द्रव्यांनी रंगविलेल्या असल्याचे सिद्ध केले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून ही लबाडी बहुधा एकट्या डॉसनचीच असावी, असे दिसून आले. पिल्टडाउनचा दाखला शास्त्रावरील अविश्वासासाठी वारंवार दिला जातो. त्यातील विलंब समर्थनीय नाही, हे खरे. तथापि ही लबाडी उघडकीस आणली, ती शास्त्रज्ञांनीच व मूळ अवशेष जपून ठेवलेले असल्यामुळेच, हेही तितकेच खरे आहे. [⟶ पिल्टडाउन मानव].

अस्थानी वस्तू : अतिप्राचीन खडकांत मिळाल्याचे सांगितले जाणारे पदार्थ हा लोकप्रिय लिखाणाचा आवडता विषय आहे. अमेरिकेतील टेक्सस राज्यात पलक्सी नदीच्या पात्रातील क्रिटेशस काळच्या चुनखडकात डायनोसॉरांच्या ठशांशेजारी मानवी पाऊलठसे असल्याचा समज होता. त्यांपैकी काही ठसे १९३० नंतरच्या मंदीच्या काळात विक्रीसाठी कोरलेले होते. उरलेले डायनोसॉरांनी टाच टेकून टाकलेल्या पावलांचे असून त्यांची बोटे गाळाने बुजल्यामुळे लांबट दिसत. १९८० नंतरच्या अभ्यासात बोटांच्या खुणा उघड झाल्या व या ठशांवर बेतलेला सृष्टिवादी चित्रपट १९८६ मध्ये मागे घेण्यात आला. कॅलिफोर्नियातील कोसो येथे १९६१ मध्ये पाच लाख वर्षे जुन्या मानलेल्या दगडात मिळालेली ‘यंत्रवस्तू’ ही १९२० च्या सुमाराचा मोटारगाडीचा स्पार्क प्लग होता; त्याभोवतीचे वेष्टन दगडाचे नसून लोखंडाच्या गंजाने घट्ट झालेल्या मातीचे होते. दक्षिण आफ्रिकेतील ऑटोसडाल येथील खाणीत सु. ३०० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडणारे, मध्यावर खाचा असलेले गोळे ही भूविज्ञानात ज्यांना संधिते म्हणतात, तशी खनिजसंचयनाने बनलेली नैसर्गिक रचना आहे.

विसाव्या शतकातील सिद्धांत : या विखुरलेल्या नोंदी एकत्र करून मायकेल क्रेमो व रिचर्ड टॉम्पसन यांनी १९९३ मध्ये फॉरबिडन आर्किऑलॉजी हा विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला. शास्त्रीय संस्था प्रतिकूल पुरावा जणू चाळणीतून गाळून बाजूला टाकतात व आधुनिक मानव कोट्यवधी वर्षांपासून अस्तित्वात आहे, असा त्याचा सारांश आहे. ग्रंथामागील प्रेरणा भक्तिवेदांत परंपरेतील पुराणप्रणीत युगकल्पनेची असल्याचे लेखकांनी लपविलेले नाही. क्रेमो यांनी १९९४ मध्ये नवी दिल्ली येथे भरलेल्या जागतिक पुरातत्त्व परिषदेत याच विषयावर निबंध वाचला. एकोणिसाव्या शतकातील मूळ वृत्तांत परिश्रमपूर्वक संकलित केल्याबद्दल काही समीक्षकांनी ग्रंथाची दखल घेतली. परंतु त्याची पद्धती मान्य केली नाही. त्यावरील मुख्य आक्षेप असे : जुन्या नोंदींना अनुकूल असलेली साक्ष स्वीकारताना जी उदारता दाखविली आहे, ती त्यांच्या खंडनास दाखविलेली नाही, कालमापनाच्या आधुनिक पद्धतींपूर्वीचे अंदाज प्रमाण मानले आहेत, आणि मायोसीनमध्ये मानव असता, तर त्याच्या वस्त्या, चुली, दफने व अस्थी जगभरच्या थरांत आढळावयास हव्या होत्या, या मूलभूत अडचणीस उत्तर नाही. तृतीय कल्पातील थरांतून कपी, घोडे, हत्ती यांचे विपुल जीवाश्म मिळतात. मानवाचे मात्र मिळत नाहीत. पुराणांतील कल्प, मन्वंतरे व युगे ही कालगणना विश्वरचनेच्या धार्मिक कल्पनेचा भाग आहे. तिचे सांस्कृतिक मोल उत्खननातील दगडांवर अवलंबून नाही आणि त्या दगडांचे वयही तिच्यावरून ठरविता येत नाही.

याहून निराळे प्रकरण मेक्सिकोतील ह्वेयात्लाको येथील आहे. तेथे १९६० नंतरच्या उत्खननात मिळालेल्या सुघड दगडी हत्यारांच्या थरांना भूवैज्ञानिकांनी सु. अडीच लाख वर्षांचे वय दिले, ते १९८१ मध्ये एका मान्यवर शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्धही झाले. उत्खनन करणाऱ्या सिंथिया अर्विन-विल्यम्स यांनी मात्र हे वय अमान्य केले. येथे मापन विश्वासार्ह पद्धतींनी झालेले आहे. प्रश्न आहे तो हत्यारे व मापलेली द्रव्ये एकाच काळात त्या जागी आली काय, हा.

भारतातील उदाहरणे : हाच प्रश्न भारतातही वारंवार उद्‌भवला आहे. खंबायतच्या आखातात ‘राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थे’ने केलेल्या ध्वनिसर्वेक्षणानंतर समुद्रतळावर एका बुडालेल्या नगराचे अवशेष असल्याचे २००१ मध्ये घोषित झाले व तळावरून खरवडून काढलेल्या लाकडाच्या एका तुकड्याचे वय सु. ९,५०० वर्षे आल्यावरून ते नगर सिंधू संस्कृतीहून कितीतरी प्राचीन ठरविण्यात आले. लाकडाचे वय खरे मानले, तरी ते लाकडाचे आहे, नगराचे नव्हे. प्रचंड भरतीओहोटीच्या त्या आखातात नद्यांनी वाहून आणलेले जुने लाकूड सहज सापडू शकते. ते कोणत्या बांधकामाशी निगडित होते, हे खरवडून घेतलेल्या नमुन्यावरून कळू शकत नाही. जावा बेटावरील गुनुंग पादांग येथील टेकडी सु. २७ हजार ते १६ हजार वर्षांपूर्वी माणसांनी रचली, असे सांगणारा २०२३ मधील निबंध नियतकालिकाने २०२४ मध्ये याच कारणास्तव मागे घेतला : कार्बन-१४ ने मापलेली माती मानवी कृतीशी संबंधित असल्याचे दाखविता आले नव्हते.

पंजाबातील शिवालिक टेकड्यांत मसोल येथे मिळालेल्या अस्थींवरील खुणा सु. २६ लाख वर्षांपूर्वी दगडी हत्यारांनी केलेल्या आहेत, असे भारतीय व फ्रेंच संशोधकांनी २०१६ मध्ये सुचविले. हा शास्त्रीय दावा असून तो छद्मपुरातत्त्वात मोडत नाही. परंतु अवशेष प्रामुख्याने पृष्ठभागावर मिळालेले असल्याने तो सर्वमान्य झालेला नाही.

महाराष्ट्रातील बोरी (ता. जुन्नर, जि. पुणे) हे स्थळ या दृष्टीने विशेष उद्‌बोधक आहे. कुकडी नदीच्या काठी ज्वालामुखीय राखेच्या थराशी संबंधित अशी अश्यूलियन हत्यारे तेथे मिळाली. पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने १९८० नंतरच्या दशकात या राखेचे वय सु. १४ लाख वर्षे आले. पुढे आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने ते सु. ६.७ लाख वर्षे ठरले; तर रासायनिक घटकांवरून काही संशोधकांनी ही राख सुमात्रातील टोबा ज्वालामुखीच्या सु. ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची मानली. एकाच थराच्या वयात इतकी तफावत असूनही कोणत्याही पक्षाने पुरावा दडविला नाही. प्रत्येक आकडा त्याच्या पद्धतीसह प्रसिद्ध झाला व वाद राखेच्या घटकांवर आणि थरांच्या क्रमावर झाला. भारतातील अश्यूलियन संस्कृतीची प्राचीनता दरम्यान दुसऱ्या स्थळाने प्रस्थापित केली : तमिळनाडूतील अत्तिरमपाक्कम येथील थरांचे वय किमान १० लाख, बहुधा १५ लाख वर्षे असल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले व ते व्यापक प्रमाणात स्वीकारले गेले. म्हणजे मोठ्या वयाला विरोध असा नव्हताच. त्याला आधार हवा होता.

मान्य मतांतील बदल : प्रस्थापित मतेही पुराव्यानुसार सोडून दिली गेली आहेत. शिवालिक टेकड्यांत १९३२ मध्ये मिळालेला रामापिथेकस १९६० नंतर सु. दोन दशके मानवाचा सु. १ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीचा पूर्वज मानला जाई. पाकिस्तानातील पोटवार पठारावर अधिक पूर्ण अवशेष मिळाल्यावर तो ओरँगउटानला जवळच्या शिवापिथेकसचाच प्रकार ठरला आणि या मताचे पुरस्कर्ते डेव्हिड पिल्बीम यांनीच ते मागे घेतले. येथे मानवाचे वय घटले. उलट मोरोक्कोतील जेबेल इर्हूद येथील, पूर्वी सु. ४० हजार वर्षांपूर्वीचे मानलेले अवशेष २०१७ मध्ये भाजलेल्या फ्लिंटच्या तापदीपन मापनाने सु. ३ लाख वर्षांपूर्वीचे ठरले. केन्यातील लोमेक्वी येथील दगडी हत्यारे सु. ३३ लाख वर्षांपूर्वीची असल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले; त्यांच्या स्तरस्थितीविषयी काहींनी प्रश्नही उपस्थित केले आहेत. अमेरिकेत मानव सु. १३ हजार वर्षांपूर्वी आला, हे क्लोव्हिस संस्कृतीवर आधारलेले मत दीर्घकाळ प्रभावी होते. न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स येथील पाऊलठसे सु. २३ ते २१ हजार वर्षांपूर्वीचे असल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले, तेव्हा मापलेल्या पाणवनस्पतींच्या बियांत जुना कार्बन शोषला गेला असावा, असा आक्षेप आला. संशोधकांनी त्याच थरांतील परागकण व क्वॉर्ट्‌झचे कण यांची स्वतंत्र मापने केली. २०२३ मध्ये ती मूळ वयाशी जुळली.

मूल्यमापन : यांवरून एखाद्या दाव्याची परीक्षा करण्याचा क्रम स्पष्ट होतो. प्रथम वस्तू घडविलेली आहे की नैसर्गिक, हे पाहावे लागते. नंतर ती कोणी, केव्हा व कोणत्या थरातून काढली, याची नोंद तपासावी लागते. वय मोजलेले द्रव्य व मानवी कृती यांचे साहचर्य सिद्ध व्हावे लागते. कार्बन-१४ पद्धती सु. ५० हजार वर्षांपलीकडे उपयोगी पडत नाही, म्हणून त्याहून जुन्या थरांसाठी अन्य पद्धतींनी मिळालेली वये परस्परांशी जुळावी लागतात. अखेरीस असा पुरावा एकाकी न राहता अन्यत्रही आढळावा लागतो. सॉम खोऱ्यातील हातकुऱ्हाडी या सर्व पायऱ्या ओलांडून गेल्या. तने येथील फ्लिंट पहिल्याच पायरीवर, कॅलाव्हेरसची कवटी दुसऱ्या व खंबायतचे लाकूड तिसऱ्या पायरीवर अडले. मानवाच्या प्राचीनतेचा कोणताही आकडा अंतिम नाही आणि १८५९ नंतर तो अनेकदा बदलला आहे. मात्र प्रत्येक वेळी तो बदलला, तो थरात जागेवर पाहिलेल्या व पुन्हा तपासता येणाऱ्या पुराव्यामुळे.